आंबुशीवर लाल फुली

सांगली, श्रावण

प्रिय जयराज,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मनात आज आशीर्वाद नाहीत, नुसता संताप आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू "ताई, गिऱ्हाईक हाय, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं ठेवता येत नाही. बाजूला टाकलंस तर तुझी बायको वाचेल. राजेश्वरीला मी आधीच सांगून ठेवलंय.

पंचमीला माहेरी म्हणून निघाले, शिराळ्याच्या स्टँडवर उतरले आणि समोर तुझ्या खता-औषधांच्या दुकानाचा फ्लेक्स! वर 'नागपंचमीच्या हार्दिक शुभेच्छा', कोपऱ्यात गॉगल लावून हात जोडलेला तू आणि मधोमध माझी आंबुशी. आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला पोटावर पालथी पडून मी काढलेला फोटो. नखाएवढं पिवळं फूल, खाली बदामाच्या आकाराची तीन पानं, एका पानावर दव. आणि त्या फोटोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. खाली लिहिलेलं, 'क्लोव्हर व इतर तणांचा समूळ नायनाट'. त्याच्याही खाली बारीक अक्षरात, 'छायाचित्र : सौ. क्रांतीताई, सांगली'. मी स्टेटसला हौसेनं ठेवलेला फोटो तू उचललास आणि वर मलाच म्हणालास, "ताई, तुझं नाव टाकलंय बघ, लय भारी दिसतंय." दुकानात चार माणसं होती. म्हणून मी नुसता चहा पिऊन उठले.

त्यातून दिवस कुठला निवडलास? पंचमीचा! आपल्या घरात त्या दिवशी जमिनीला खुरपंसुद्धा लावत नाहीत. भाजी चिरायची नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. लहानपणी तू काठीनं नुसतं माती उकरत होतास, तर आई केवढ्यानं ओरडली होती, "आज कुणालाबी दुखवायचं न्हाई रं!" आणि तू भर पंचमीला, सगळा तालुका गोळा झालेला असताना, समूळ नायनाटाच्या शुभेच्छा देतोस. धन्य आहे तुझी.

आणि क्लोव्हर कुठलं रे? मी स्टेटसला स्वच्छ मराठीत 'आंबुशी' लिहिलं होतं. तर म्हणे फ्लेक्सवाल्याच्या मोबाईलनं क्लोव्हर, म्हणजे कुठलासा विलायती चारा, सांगितलं. मोबाईलनं उद्या तुला जर्सी गाय सांगितलं तर तेही छापशील. पानं तीन-तीन आहेत म्हणून गोत एक होत नाही. क्लोव्हर चावून तोंड आंबत नाही, आंबुशीनं आंबतं, आणि हे तुला मी सांगायचं? शाळेतून येताना बांधावर बसून मूठमूठ खायचास, घरून मिठाची पुडी घेऊन जायचास. आईनं आंबुशीची चटणी केली की भाकरीला पुरायची नाही. त्या झाडाचं नाव विसरलास ते विसरलास, वर त्याच्यावर फुली मारलीस.

या फोटोंचं वेड मला कशानं लागलं हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तू ते सोयीनं विसरतोस. आईला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि उपचारांसाठी ती माझ्याकडे सांगलीला आली. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची. चांगली होती बिचारी, पण तिच्याकडची चित्रं म्हणजे सफरचंद, विमान आणि पेंग्विन. जन्म उसात गेलेल्या अंबूबाईला पेंग्विन दाखवून म्हणायचं, आजी, हे काय आहे? आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला इतका राग आला, की तिरीमिरीत चपला घालून बाहेर पडले, तर कंपाउंडच्या फटीत आंबुशी फुललेली. सहज फोटो काढला आणि आत येऊन आईपुढे धरला. आईनं बराच वेळ पाहिलं. मग जड जीभ उचलत, तोंड वाकडं करत म्हणाली, "आं-बु-शी." झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द तो, जयराज.

तेव्हापासून मी गल्लीबोळांत वाकून फिरते. शेजारच्या शकुंतलाकाकू विचारतात, कानातलं पडलं का? तुझे दाजी म्हणतात, हिला गुलाब दिला तर देठाशी गवत आहे का बघेल. हसू देत. केना, पाथरी, घोळ, तांदुळजा, आघाडा, एकेक फोटो दाखवला आणि एकेक शब्द परत आला. आणि खरं सांगू, मलाही आता कळतं की केन्याचं निळं कुठल्या पैठणीत नाही. आयुष्यभर ज्याच्यावर पाय देऊन चाललो, ते जवळून इतकं देखणं असतं.

पण तू काय केलंस? वैशाखात आलास, आईसमोर बसलास, "आई, मी कोण?" म्हणून विचारलंस. तिला नाव आठवेना. तुझा चेहरा पडला, मी पाहिला. जाताना जिन्यात म्हणालास, "गवताची नावं घेती, पोराचं न्हाई." त्यानंतर आला नाहीस. राग त्या गवतावर काढतोयस का रे? पंचमीला मी समोर बसले होते, तर आई कशी आहे हेसुद्धा विचारलं नाहीस. उसात तण माजलं तर ऊस बसतो, हे मला कळतं, मीही त्याच मातीतली आहे. उसातलं मार, दुकान चालव, माझं काही म्हणणं नाही. पण राजेश्वरी म्हणाली, की येत्या रविवारी तू ओढ्याकडचा बांधही फवारणार आहेस. बांधावर कुठला ऊस आहे? तिथं आईची भाजी आहे. मला अजून न सापडलेले तिचे शब्द तिथंच उगवलेले आहेत.

त्या दिवशी तुझ्या दुकानातून मी घरी न जाता आधी बांधावरच गेले. कडेला चिकटा निसवला होता, गवताला कणसं आली होती. आठवतो ना, ज्याची कणसं लुगड्याला चिकटली की आई ओट्यावर बसून एकेक सोडवत बसायची? सकाळपासून रात्रीपर्यंत तूही तसाच तिच्या पदराला, म्हणून तिनं तुझं नावच चिकट्या पाडलं होतं. मोठा झालास तसं ते नाव तू कुणाला घेऊ दिलं नाहीस. मी फोटो काढला आणि परत आल्यावर आईला दाखवला. डाव्या हाताची दोन बोटं मोबाईलच्या काचेवर नेली आणि लुगड्यावरचं कणीस सोडवावं तसं ते चिमटीत धरायला लागली. सुटेना, तर हसली. मग मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "चिकट्या जेवला का गं?"

रोज जेवायच्या वेळी विचारते. रविवारी पंप पाठीला लावून बांधावर जाऊ नकोस. सांगलीला ये. आणि घरून जेवून येऊ नकोस.

तुझीच, अजून रागातच असलेली,
ताई