भुऱ्या कुठला

डॉक्टर हेमांगीताई,

आठ दिवस लिहीन लिहीन म्हणतोय आणि रोज मुरारला तुमच्या दवाखान्यापर्यंत पायी जाऊन परत येतोय. आजही एक ओळ लिहिली आणि चहा करायला उठलो.

माझ्या भुऱ्याच्या रक्तात काळाआजार निघाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुत्रा कुठला?" मी म्हणालो, "पडावचा, स्टेशनजवळच्या गल्लीतला." खोटं होतं ते. भुऱ्याला मी हिमाचलातून आणलं, ट्रकमध्ये मांडीवर घेऊन. ड्रायव्हर रस्ताभर त्याला पराठा भरवत होता, ते असो. पण तुमच्या दवाखान्यात आई शेजारी उभी होती, आणि तिच्या हिशेबी हिमाचलातले ते चार महिने मी भोपाळला कोचिंगमध्ये होतो.

माझ्या त्या उत्तरावरून तुम्ही वर कळवलंत की वाळूमाशीने पसरणारा हा आजार आता इथल्या भटक्या कुत्र्यांतही शिरलाय. काल पडावला गेलो तर चहावाले गोविंदकाका दगड मारून कुत्रीला हाकलत होते. सात वर्षं जिला दूध-टोस्ट घातला, तिला. म्हणाले, "क्या करूँ बेटा, घरात नातू आहे." ती चार पावलं जायची आणि परत यायची.

ताई, मी थकलोय. भुऱ्याचं औषध थांबवू नका, पण त्या कुत्र्यांना…

आई हाक मारतेय, "अंशुल, ऊठ रे! डॉक्टरताई स्वतः आल्यात. ती गल्ली दाखव म्हणतात." तुमची गाडी दारात उभी आहे, आणि आईपण चपला घालतेय.

तुमचा,
अंशुल