टाकी भरली की

ठमे,

मी गॅस आणायला चाललोय, तू जेवून घे.

आपल्या या चाकांवरच्या म्हाताऱ्या घराचं दुखणं सापडलं. टाकीत पाणी भरताना ते उलटं माझ्याच तोंडावर उडायचं ना, तो हवेच्या बारीक नळीचा प्रताप. कुंभारमाशीने तिच्यात मातीचं घर बांधलं होतं. आतली हवा बाहेर पडेना, मग पाणी शिरणार कुठून? तार घालून नळी मोकळी केलीय. पाणी किती ते दाखवणारा काटा मात्र अजून खोटारडाच आहे, त्याचं ऐकू नकोस. नळीतून पाणी ठिबकलं की टाकी भरली. आता आत बसून, टाकीत डोकावून 'बस' म्हणून ओरडायला कुणी लागत नाही.

तरी तू ओरडत जा. बॅगा घेऊन आलीस तेव्हापासून तेवढा एकच शब्द माझ्याशी बोलतेस.

बाबा