दोन्ही बगळे चुलत बहिणीस

मागच्या कागदात माझ्याकडून चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. फेब्रुवारीतल्या मृत्युपत्रात मी ‘बगळा’ हे व्यापारचिन्ह धाकट्या भावाला आणि ‘दोन बगळे’ काकांच्या मुलीला दिले होते. तसे देता येत नाही. दोन्ही चिन्हे बूट-पॉलिशचीच, एकमेकांसारखी आणि एकाच मालकाच्या नावावर. म्हणून नोंदवहीत ती संलग्न आहेत. द्यायची तर दोन्ही एकालाच. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. वय एकोणतीस, बुद्धी शाबूत, कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण भीती म्हणजे दबाव नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक भावाला.

२. ढवळायची कढई, साचे आणि काकांची रेखाटणाची पेटी चुलत बहिणीला. ‘दोन बगळे’ काकांनी काढले. मला अक्षरेही त्यांनीच शिकवली, डब्यांच्या झाकणांवरून. ते डोळ्यांच्या उपचाराला गेले असताना बाबांनी दोन्ही चिन्हे स्वतःच्या नावावर नोंदवली. काका ते न कळताच गेले. बाबांमागे कागद माझ्याकडे आले आणि मीही चार वर्षे गप्प राहिले.

३. वकील म्हणाले, संलग्नता काढून घेता येईल. गिऱ्हाइकाची या दोन चिन्हांत गल्लत होत नाही, असे प्रतिज्ञापत्र द्या. गेल्याच महिन्यात कोपऱ्यावरच्या मोच्याने तपकिरी ‘दोन बगळे’ मागितले आणि मी काळा ‘बगळा’ दिला. तपकिरी बूट काळा होईपर्यंत दोघांच्याही ध्यानात आले नाही.

भाऊ म्हणाला, “अगं ताई, बगळे मोजत कोण बसतंय? कर सही.”

“कोणी मोजत नाही, म्हणूनच सही होत नाही.”

“मग दोन्ही मला दे.”

दोन्ही चिन्हे, त्यांच्या नावलौकिकासह, चुलत बहिणीला. भावाने काळे पॉलिश तिच्या लेखी परवानगीने करावे. बाबांनी केलेले तिला मी काल सांगितले. बराच वेळ ती झाकणे पुसत राहिली. मग म्हणाली, “करू दे त्याला. पण झाकणं न्यायला इथे यायचं म्हणावं.”

४. भावाने राग माझ्यावर धरावा. तिच्या दारात जाऊन भांडू नये.

साक्षीदार: झाकणे छापणारे छापखानेवाले (सही), शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी (सही)
लिहून ठेवणारी: थोरली मुलगी (सही)
ठिकाण: पॉलिशच्या कारखान्यावरची खोली
दिनांक: गुरुवार, ५ जून २०२५

सही झाल्यावर वाटले, तिचे तिला देण्यासाठी माझे मरण कशाला हवे? हस्तांतराचा कागद तयार आहे. तो घेऊन मी नोंदणी कार्यालयात जाणार आहे, सोमवारी, ९ जूनला, सकाळी साडेदहा वाजता.