दुसरं कडवं संपायच्या आत

प्रिय रंजीता,

आलापल्लीहून येणारी दुपारची बस आताच गेली. तू उतरशील असं उगाच वाटलं होतं. साग पुरता झडलाय. वारा सुटला की वाळली पानं रस्त्यावरून पळत सुटतात आणि मला कवितेचा तास आठवतो. मी पहिली ओळ म्हणायचो आणि तुला बोअरिंगवर तांब्या भरायला पिटाळायचो. दुसरं कडवं संपायच्या आत तू दारात हजर, तेही पाणी न सांडता! शाळेत चालतं घड्याळ नव्हतं. तुझा वेग मी कडव्यांतच मोजला. चंद्रपूरला शंभर मीटरमध्ये पहिली आलीस तेव्हा गावभर सांगत हिंडलो, की हे मला जुनंच माहीत होतं.

आणि मग नागपूरची ती निवड चाचणी. दाखल्यावर सतरा भरतात म्हणून सोळाखालच्या रांगेतून तुला बाजूला काढलं. मोठ्या मुलींत धावून पाचवी आलीस आणि क्रीडा वसतिगृहातली जागा गेली. फोनवर तू मंगलीला म्हणालीस, "माय असून पोरीचं वयही सांगता येत नाई तुले?" त्यानंतर तू तिच्याशी बोललीच नाहीस. मोह वेचताना ती भेटेल तिला विचारते, "मी कुठी चुकली असन व बाई?"

तालुक्याच्या कचेरीत मी तीनदा जाऊन आलो. बाबू म्हणाला, "गुरुजी, शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलत नाई. अन् अक्षर तं तुमचंच हाये!" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

रंजीता, तुझी माय चुकली नाही. नाव घालायला आली तेव्हा ती स्वच्छ म्हणाली होती, "हिनं चारच मोह पाह्यले, गुरुजी. लहानी हाये." पण पट भरत नव्हता, शाळा बंद व्हायची होती, एक नाव कमी पडत होतं, आणि तू दारात एका पायावर उड्या मारत होतीस. मी सहा वर्षं धरून जन्मतारीख एक जुलै लिहिली. गावातल्या निम्म्या पोरांची एक जुलै माझ्याच हातची आहे. मंगलीनं विश्वासानं अंगठा उठवला. तुझी दोन वर्षं मी एका ओळीत खाल्ली, आणि ती मला परत देता येत नाहीत. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण मायला आज फोन कर. ती मोबाईल पदराच्या गाठीत बांधून मोहाखाली बसली आहे.

तुझाच,
नानाजी गुरुजी