लाल गाडी आणि मुशीचं तेल

नरपड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. तुषार यास रविंद्रदादाचे आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या मागोमाग एक गंभीर तक्रार.

तुझं पत्र आपल्या मासळीवाल्या चंद्राने परवा आणून दिलं. सुके बोंबील विकून रिकाम्या झालेल्या टोपलीतून ते तलासरीहून इथवर आलं, तेव्हा त्याला जो वास यावा तो होताच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे तुझ्या ओळींबद्दल. पहिली ओळ उजव्या कडेवरून उतरून टेबलावर संपली असावी, कारण तिचा शेवटचा शब्द कागदावर नाही. पाचवी ओळ चौथीच्या अंगावर बसली आहे. कागदाला कडा असतात हे मी तुला लहानपणी पट्टीने शिकवलं होतं. पट्टी अजून माझ्याकडे आहे.

आता मुख्य अपराध. तू आयुष्यातली पहिली मोटार घेतलीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस मोटार घेतो तेव्हा त्यात बायको, आई आणि तांदळाचं पोतं बसेल एवढं पाहतो. तू घेतलीस लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट घासणारी स्पोर्ट्स कार, तीही एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर पळून दमलेली. तुझ्या सुषमावहिनीने तिच्या फोनवर मला फोटो दाखवला. शाळेत मी मुलांना मध्यमपदलोपी समास शिकवतो, त्याचं इतकं चांगलं उदाहरण मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं. पुढे इंजिन, मागे धूर, आणि मधलं माणसांनी बसण्याचं पद लोप पावलेलं. फोटोतसुद्धा मला तिचा वास आला. मी चहा अर्धा टाकला.

फोनवर तू हो दादा, हो दादा म्हणून विषय मिटवतोस, म्हणून कागदावर विचारतो. माझी संध्याकाळनंतरची स्कूटर बंद होऊन तीन वर्षं झाली. कडेचं दिसत नाही, अंधारात तर काहीच नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे घराण्यातलं आहे, वडिलांना होतं, धाकट्या भावालाही तपासून घ्या. तपासलंस का, हे मी आता सातव्यांदा विचारतो आहे.

आई बरी आहे. गाडी कितीची हे तिने विचारलं नाही, किती माणसांची एवढंच विचारलं. मी दीड म्हणून सांगितलं.

लोभ आहे तेवढा सांभाळ, वाढवून मागू नकोस.

तुझा,
दादा


तलासरी,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादांच्या चरणी तुषारचा साष्टांग नमस्कार, पट्टी कपाटात ठेवावी ही विनंती.

तुमचं पत्र वाचून योगिता इतकी हसली की भाकरी करपली. तिला तुमची बाजू बरोबर वाटते, पण ती माझी बायको असल्यामुळे उघड बोलत नाही.

गाडी वापीच्या एका दलालाकडून घेतली. जिग्नेशशेठ म्हणतात त्याला. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडी एकदम चोख्खी आहे, एका सद्गृहस्थाच्या हातची आहे. त्या सद्गृहस्थाचं चरित्र मला नंतर गाडी धुताना कळलं. ड्रायव्हरच्या सीटखाली गुटख्याच्या चौतीस पुड्या. दाराच्या कप्प्यात वाळून चिकटलेली पिचकारी. मागच्या सीटच्या फटीत एक वडा होता, दादा, अख्खा वडा, दगडासारखा, त्यावर केसांचा पुंजका. एसी लावला की आधी उंदीर मेल्याचा वास येतो आणि मग अत्तराचा. दोन्ही एकत्र आले की योगिता खिडकीतून डोकं बाहेर काढते. मी स्वतः दोनदा उतरून ओकलो. लिहायची लाज वाटते, पण तुमच्यापाशी काय लपवायचं.

तरीही चावी फिरवली की ती जी गुरगुरते ना! बारा वर्षांचा असताना अच्छाडच्या नाक्यावर अशीच एक लाल गाडी पाहिली होती. बाबांनी माझा हात धरला होता. तेव्हापासून मनात होतं. आता अजून दोन-चार वर्षं चालवता येईल तेवढी चालवून घेतो.

गाडीला खालून गंज चढायला लागला आहे. नरपडला आणली की खारा वारा तिला खाऊन टाकेल. म्हणून बाबा होडीला लावायचे तेच औषध केलं. शनिवारी चंद्राकडून डबाभर मुशी माशाच्या काळजाचं तेल आणलं आणि कुंचल्याने सगळ्या पोटाला दोन हात चोपडले. होडीची फळी त्याने वीस वर्षं टिकायची, हा तर पत्रा आहे. इथल्या गॅरेजवाल्यांना असलं काही सुचत नाही.

येत्या रविवारी, सोळा तारखेला, गाडी घेऊन येतो. आईला म्हणावं, नारळ तयार ठेव. नव्या होडीचं करतो तसं सगळं व्हायला हवं. डोळ्यांचं बघू.

राग असावा, पण पोटात ठेवावा.

आपला,
तुषार


तलासरी,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांना योगिताचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता चंद्रामावशीच्या हाती देते आहे. तिने कोणाला न दाखवण्याची शपथ घेतली आहे, पण काय लिहिलंय ते मात्र तीनदा विचारलं.

मंगळवारी आम्ही माझ्या माहेरी, रानशेतला गेलो होतो. परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण अंधार नव्हता. रस्त्याच्या डाव्या कडेने एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. मला ती कितीतरी आधीपासून दिसत होती. मला वाटलं, यांनाही दिसते आहे. गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की मोळीचं टोक काचेवर खरवडलं. ती बाई रस्त्याखाली पडली, देवाच्या कृपेने हातच खरचटला. आमच्या गावातली रूपी निघाली. तिने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहू शकत नाही, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. हे मात्र म्हणत राहिले की ती अचानक आली.

ती अचानक नाही आली, दादा.

गाडी घेतल्यापासून हे एक खेळ खेळतात. डावीकडे काय आहे ओळख, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय सांग, असं मला सारखं विचारतात आणि वर म्हणतात की तुझं लक्ष किती आहे ते बघतो. मीही हौसेने सांगत होते. मंगळवारपासून मला त्या खेळाची भीती वाटते. घरातही दाराची चौकट यांच्या खांद्याला लागते. तपासायला चला म्हटलं की गाडी पुसायला जातात.

तुम्ही मोठे आहात, काय ते करा. सुषमाताईंना नमस्कार. आईंना यातलं काही कळू नये.

तुमची,
योगिता


नरपड,
२० फेब्रुवारी २०२५

चि. तुषार यास दादाचे आशीर्वाद, नाक मुठीत धरून दिलेले.

तुझी गाडी अंगणात उभी आहे आणि आम्ही घरात कोंडून घेतलं आहे. नरपडमध्ये मी जन्मलो, माशांच्या वासात वाढलो, जवळा वाळत असताना त्याच्या शेजारी बसून रूपं पाठ केली. ओकारी ती कधी आली नाही. ती तुझ्या मोटारीने आणली. होडी पाण्यात असते रे, थंड असते. तुझ्या त्या धूर सोडणाऱ्या नळीवर तू तेल चोपडलंस आणि तासभर ती तापवत आणलीस. मुशीचं काळीज तळल्यासारखं झालं. रविवारी तू अंगणात वळलास तेव्हा शेजारच्या संगिताने अंगणातली मुलं घरात ओढली. आता गाडीखाली गावातली सगळी मांजरं आहेत. काल मी अकरा मोजली. दिवसभर पत्रा चाटतात आणि मग तिथेच ओकतात. वर माश्या, त्यांच्यावर कावळे. काल पोस्टमनने पत्रं फाटकावरूनच फेकली. काळ्या घट्ट थेंबांचं एक थारोळं तुळशीपर्यंत पोचलं आहे आणि सुषमाने मला विचारलं आहे की तुमच्या भावाचं मी नेमकं काय वाईट केलं होतं.

आता तू विचारशील की चावी का देत नाही. चावी आईकडे आहे.

रविवारचं तुला आठवत असेलच. तिने नारळ फोडला, आणि नव्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, काढतात तसे दोन डोळे तुझ्या बोनेटवर पांढऱ्या-काळ्या रंगाने काढले. हात थरथरतो तिचा, तरी डोळे नीट आले. संध्याकाळी तू निघायला उठलास तेव्हा ती म्हणाली की डोळे ओले असताना होडी पाण्यात लोटत नाहीत, उद्या ने. तू चिडलास, पण आईपुढे काही चाललं नाही, आणि दोघे एसटीने गेलात. तो रंग सोमवारी दुपारीच वाळला होता, तुषार. सोमवारी तिने दुसरा हात दिला. बुधवारी तिसरा. आज सकाळी ती मला म्हणाली की बुबुळं अजून काळी हवीत, दुकानातून छोटा डबा आण. मी आणून दिला.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त पाहिलं. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला ठेवलेला पाण्याचा तांब्या तू लाथाडलास, आणि मग तो तिथे कोणी ठेवला म्हणून हसलास. तिने बाबांच्या बरोबर एकतीस वर्षं काढली आहेत.

काल सुकऱ्या आला होता. पाय ओढत ओढत अंगणात शिरला, नाकाला धोतर लावलं आणि म्हणाला, तेल लाकडाला लावतात, लोखंडाला कोण लावतं. मग बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत बसला. तो बाबांच्या होडीवर खलाशी होता हे तुला माहीत आहे, आणि ज्या संध्याकाळी होडी खडकावर गेली त्या संध्याकाळी त्याचा पाय निकामी झाला हेही. जे मला माहीत नव्हतं ते त्याने काल सांगितलं. सुकाणूवर बसलेले आपले बाबा, म्हणजे त्याचा देवजी तांडेल, त्याला सारखे विचारायचे म्हणे, डाव्या बाजूला काय दिसतं सांग, ती बत्ती कुठली ओळख. सुकऱ्याला वाटायचं, तांडेल आपल्याला शिकवतो आहे. त्या दिवशी तो जाळं ओढत होता, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही.

योगिताने मला रूपीबद्दल लिहिलं आहे, आणि तुझ्या खेळाबद्दलही. तिच्यावर रागवायचं असेल तर आधी इथे येऊन माझ्यावर रागव. एसटीने ये. मंगळवारी सकाळी माझ्या डॉक्टरांकडे तुझा नंबर लावला आहे. मी बरोबर असेन, तू माझी डावी बाजू सांभाळ, मी तुझी सांभाळतो. दोघांत मिळून एक रस्ता दिसेल. गाडीचं जे व्हायचं ते तपासणीनंतर ठरेल. तोवर तिला मांजरं सांभाळतील.

लोभ होता त्याहून जास्त आहे, एवढं समज.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्या ओळींची मी पहिल्या पत्रात थट्टा केली. करताना मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या ओळी अशाच कडेवरून उतरत होत्या. हल्ली मी कागदावर पट्टी ठेवून लिहितो, म्हणून तुला माझं अक्षर सरळ दिसतं. तुझं पत्र हातात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी मी गाडीच्या वासावर पानभर लिहिलं, कारण ते लिहायला सोपं होतं. गाडीची मला किळस येते हे खरं आहे. पण भीती गाडीची नाही. तुला दिसेनासं होतं आहे आणि तू ते बाबांसारखं लपवतो आहेस, याची मला भीती वाटते.