रथसप्तमीच्या आत

८ जानेवारी

आज पुन्हा सूनबाईंशी वाजलं. मुनिरक्याच्या बाजारातून पावशेर बोरं आणली, तर हेमलताने दारातच पिशवी घेतली — थेट कचऱ्यात. "अण्णा, न शिजवलेलं काही द्यायचं नाही, किती वेळा सांगू? पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात." नात, कादंबरी, सोफ्यावरून बघत होती. मास्कवर नुसते डोळे. "आजोबा, बेर कहाँ गए?"

११ जानेवारी

तिसऱ्यांदा कॅन्सर उलटलाय. नीरज आपला "नवीन औषध, नवीन औषध" करतो. पोराची समजूत काढायला मी मान हलवतो. खरं सांगायचं तर मला काही उरलेलं दिसत नाही. कादंबरीचे हात उदबत्तीच्या काडीसारखे झालेत. हे इथंच लिहितो, घरात बोलायची सोय नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारीण तिळाचे लाडू घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं.

बोरन्हाणाचा विषय काढला. पाच वर्षांच्या आत करायचं असतं आणि मार्चमध्ये कादूला पाच पूर्ण होतील. पहिल्या वर्षी कोविड, मग नीरजची बदली, मग दोन वर्षं हॉस्पिटल. आता रथसप्तमीपर्यंतच वेळ, म्हणजे पंचवीस तारीख. हेमलता म्हणाली, "पेशी वाढू देत, मग बघू." नीरज मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

१७ जानेवारी

माझ्या बहिणीने, द्वारकाने, अकोल्याहून हलव्याचे दागिने पाठवले. कपाटावर ठेवलेत. कादू सारखी वर बघते.

१९ जानेवारी

ताप. दाखल केलं.

२२ जानेवारी

रक्त चढवलं, ताप तसाच. मला आत सोडलं नाही, दिवसभर बाकावर बसून होतो. देवाकडे काही मागितलं नाही. मागून मागून तोंड दुखलं.

२४ जानेवारी

घरी आणलं! डॉक्टर म्हणाले म्हणे — जो माँगे खिलाइए, जिससे चाहे मिलने दीजिए. सगळी पथ्यं बंद. मी म्हणतच होतो, पोरीला कोंडून ठेवून कुठं बरं वाटतं का!

हेमलता स्वतः किलोभर बोरं घेऊन आली. एक शब्द बोलली नाही. हरली म्हणून गप्प, दुसरं काय. सेक्टरमधल्या सगळ्या पोरांना आमंत्रण देऊन आलो. द्वारकाला फोन केला, म्हटलं, पोरगी संकटातून निघाली बघ.

२५ जानेवारी

झालं एकदाचं बोरन्हाण. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने. केस नाहीत, त्यामुळे मुकुट कानांवर घसरायचा. नीरज मागून धरून बसला. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतले तशी पोरं वेचायला तुटून पडली. कादू हसली. किती महिन्यांनी ऐकलं ते हसणं. एक बोर पार आठळीपर्यंत चोखून खाल्लं आणि बापाच्या मांडीवर झोपली. हेमलता सगळा वेळ व्हिडिओ काढत होती. एकदाही कॅमेरा खाली केला नाही तिनं.

२६ जानेवारी

नीरजला विचारलं, पुढचं इंजेक्शन कधी? कॅलेंडरवर खूण करायची होती.

म्हणाला, "अण्णा, या वेळी तारीख दिलीच नाही."

आणि परवा मी लिहून बसलो, हेमलता हरली.