पातळ केलेलं मेण

मी, मेणबत्त्यांचा कारखाना चालवणारी विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीची.

२. कारखान्याची जागा, कढया आणि साचेही तिचेच. तिने विकायचं म्हटलं तर कोणी आडवं येऊ नये. तिच्या भाजलेल्या बोटांना आता साचा धरवत नाही. ते कसं झालं, हे इथे लिहिणं भाग आहे.

मोठी मागणी आली होती. मेण साच्यात भराभर उतरावं म्हणून माझा धाकटा भाऊ त्यात पेट्रोल ओतायला निघाला. लेक रसायनशास्त्र शिकलेली. तिने त्याला अडवलं.

"मामा, मेणाचे रेणू लांबलचक. एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून वितळायलाही एवढी आच लागते. पेट्रोलचे रेणू छोटे, त्यांची पकड ढिली. गरम मेणात पडताच त्याची वाफ होईल!"

"शाळा घेऊ नकोस माझी. मेण पातळ झालं म्हणजे झालं."

त्याने ओतलं. वाफ जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत गेली आणि भडका उडाला. लेकीला उचलून बाहेर आणलं तेही त्यानेच. त्याची पाठ होरपळली. पुढे चौकशीला साहेब आले तेव्हा मात्र म्हणाला, शेगडी पोरीने मोठी करून ठेवली होती. लेकीने ते खोडून काढलं नाही. "मामाने जीव वाचवला गं," एवढंच मला म्हणाली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या पाठीला मलम मात्र मीच लावत आले.

३. कारखान्यामागची खोली भावाला हयातभर राहायला द्यावी. आधी त्याने लेकीसमोर खरं काय ते सांगावं, अशी अट मी घातली होती. मसुदा वाचून लेक म्हणाली, "आई, अट काढ. खोलीसाठी बोललेलं खरं मला नको."

"मग तो कधीच बोलायचा नाही."

"नाही तर नाही."

अट खोडली आहे. खोडलेल्या जागी सही माझीच आहे. मला हे पटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

सही: लिहून ठेवणारी

आमच्यादेखत सही झाली:
शेजारचे घड्याळजी (सही)
दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: वर मुद्रांकावर आहे तोच